देवाच्या नावावर मतदान

निवडणुकीचे दिवस जवळ आले की आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहाला अचानक महत्त्व प्राप्त होते. एरवी लग्नाची जेवणे, महिला मंडळाची सभा आणि नाताळातील मुलांची नाटके ह्यांपलीकडे ज्या वास्तूकडे कुणी ढुंकून पाहत नाही, तिथे निरनिराळ्या पक्षांचे उमेदवार पायधूळ झाडू लागतात. काही वर्षांपूर्वी असेच एक उमेदवार आले होते. ते आमच्या समाजाचे नव्हते. तरीही व्यासपीठावर पाऊल ठेवताच त्यांनी प्रभू येशूच्या नावाचा जयजयकार केला, मग मदर तेरेसांचे स्मरण केले आणि शेवटी हरवलेल्या मेंढराचा दाखला आपल्या पक्षास लावून दाखवला. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत बसलेल्या आम्हांलाही क्षणभर बरे वाटले, हे लपवण्यात अर्थ नाही. घरी परतताना ध्यानात आले की पाण्याच्या योजनेविषयी ते एक अक्षरही बोलले नाहीत, आणि आमच्यापैकी कुणी विचारलेही नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वस्तीत त्यांनी तितक्याच भक्तिभावाने दुसऱ्या दैवताचा जयजयकार केल्याचे कळले, तेव्हा मात्र आदल्या संध्याकाळचे ते बरे वाटणे आम्हांस थोडे बोचू लागले.

राजकारणाच्या व्यासपीठावर देवाचे नाव घेण्याची ही रीत काही आजची नाही. परंतु तिचा विचार आपल्या देशात एकदा फार गंभीरपणे झाला होता, आणि तोही मोजक्या तासांत, हात वर करून. तो प्रसंग आमच्या वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

त्या प्रसंगाकडे जाण्यापूर्वी थोडे मागे जाणे भाग आहे. १८९३ पासून लोकमान्य टिळकांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला बळ दिले आणि १८९६ साली रायगडावर शिवाजी उत्सव भरवला. परकीय सरकारने राजकीय सभांवर डोळा ठेवलेला असताना लोकांनी एकत्र जमावे कसे, ह्या प्रश्नाला टिळकांनी दिलेले ते उत्तर होते. देवघरातील गणपती चौकात आला आणि त्याच्याभोवती जमलेल्या माणसांना देश नावाची गोष्ट कळू लागली. त्या उपक्रमाचे मोल कमी लेखण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. पण त्याच उत्सवातील काही मेळ्यांच्या पदांत मुसलमान शेजाऱ्यांना टोमणे असत, हेही इतिहासाने नोंदवून ठेवले आहे. मंडपात जो होता तो एक झाला. जो मंडपाबाहेर होता, त्याला आपण बाहेर आहोत हे पहिल्यांदाच इतक्या स्पष्टपणे जाणवले.

ह्याच टिळकांच्या अगदी निकटच्या सहकाऱ्यांत आमच्या समाजाचे एक गृहस्थ होते, ते म्हणजे जोसेफ बाप्टिस्टा, सर्वांचे 'काका'. माझगावच्या मातारपाखाडीत १८६४ साली जन्मलेले, मूळ घराणे उत्तनचे, केंब्रिजला शिकलेले हे ईस्ट इंडियन बॅरिस्टर १९१६ साली बेळगावात स्थापन झालेल्या टिळकांच्या होमरूल लीगचे अध्यक्ष होते. पुढे ते मुंबईचे महापौर झाले आणि कामगार चळवळीतही मोठ्या पदावर बसले. त्यांच्या देशभक्तीला उत्सवाच्या मंडपाची गरज भासली नाही आणि मंडपाचा रागही आला नाही. स्वराज्य हा जन्मसिद्ध हक्क आहे, ह्या टिळकांच्या जगप्रसिद्ध उद्गाराची मूळ कल्पना काकांची होती, असे सांगितले जाते. तसे असेल तर ती गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्या वाक्यात कोणत्याही दैवताचे नाव नाही. ती वकिलाची भाषा आहे. जन्माला आलेल्या प्रत्येकाला तो हक्क लागू होतो, मग तो माझगावच्या देवळात बाप्तिस्मा घेतलेला असो वा पुण्याच्या शनिवारात मुंज झालेला. लोकमान्यांच्या ओठांवर उत्सवाची भाषा होती आणि हक्काचीही. अखेर सर्वांच्या मुखी राहिली ती दुसरी.

गांधीजींची वाट निराळी होती. त्यांनी स्वराज्याला 'रामराज्य' हा शब्द वापरला आणि खेड्यापाड्यांतील अडाणी माणसाला जे शंभर व्याख्यानांनी कळले नसते ते एका शब्दात कळले. पण शब्द कसा ऐकला जातो, ह्याची चिंता गांधीजींना होती. रामराज्य म्हणजे हिंदूंचे राज्य नव्हे, तर देवाचे राज्य, असा खुलासा त्यांनी १९२९ सालीच 'यंग इंडिया'त केला होता. १९४६-४७ च्या पेटलेल्या दिवसांत तर त्यांना तो पुन्हा पुन्हा करावा लागला. माझा राम म्हणजेच खुदा, मला हवे ते खुदाई राज्य, म्हणजेच पृथ्वीवरील देवाचे राज्य, असे ते सांगत राहिले. 'देवाचे राज्य' हा शब्द आपण दर रविवारी ऐकतो. प्रभूने दिलेल्या प्रार्थनेतच तो आहे. गांधीजींनी तो आपल्याकडून उचलून आपल्यालाच परत दिला होता. तरीही आम्हांस असे वाटते की इतके खुलासे करावे लागणे हीच त्या शब्दाची अडचण होती. बोलणारा महात्मा एका अर्थाने बोलत होता आणि ऐकणारे हजारो लोक हजार अर्थांनी ऐकत होते. तो जिवंत होता तोवर दुभाष्याचे काम तो स्वतः करीत होता. ३० जानेवारी १९४८ रोजी तो दुभाषी गेला.

आता १७ ऑक्टोबर १९४९ ह्या दिवसाकडे येऊ. दिल्लीत घटना समितीचे काम जवळजवळ पुरे होत आले होते. कलमे, परिशिष्टे सारी संपवून सभासद शेवटी सरनाम्याकडे वळले. अध्यक्षस्थानी डॉ. राजेंद्र प्रसाद होते. स्वतः श्रद्धाळू, नेमाधर्माचे गृहस्थ. सरनामा लहान आहे, पटकन आटपेल, अशी बहुतेकांची समजूत असावी. आरंभीच मौलाना हसरत मोहानींनी सोव्हिएत धर्तीच्या संघराज्याची सूचना मांडली आणि ती पडली. मग उठले हरि विष्णु कामत.

हे कामत म्हणजे कुणी सनातनी भटजी नव्हेत. आय.सी.एस.ची मानाची नोकरी १९३८ साली सोडून सुभाषबाबूंच्या मागे गेलेला, घटना समितीत जवळपास प्रत्येक कलमावर दुरुस्ती सुचवणारा, सरकारला सळो की पळो करून सोडणारा हा सभासद. त्यांची सूचना साधी होती : 'आम्ही भारताचे लोक' ह्या शब्दांपूर्वी 'देवाच्या नावाने' असे शब्द घालावेत. जे काही करशील ते मला अर्पण कर, ह्या गीतेतील उपदेशाचा त्यांनी आधार घेतला. एवढे मोठे राष्ट्र एवढे मोठे कार्य करीत आहे. ते देवाला अर्पण करूनच करावे, हे त्यांचे म्हणणे होते. त्यात कावा नव्हता, मतांची बेरीज नव्हती. तो एका श्रद्धावंताचा मनापासूनचा आग्रह होता.

आणि गंमत अशी की त्याला विरोध करायला जे उठले तेही बहुतांशी श्रद्धावंतच होते.

त्रावणकोरचे थाणू पिळ्ळै म्हणाले की मी स्वतः देव मानतो. परंतु ही दुरुस्ती स्वीकारणे म्हणजे श्रद्धेच्या बाबतीत सक्ती करणे होय. देवावर विश्वास ठेवण्याचा वा न ठेवण्याचा अधिकार आपणच ह्या घटनेने माणसाला दिला आहे. आसामचे रोहिणीकुमार चौधरी उठले. त्यांची अडचण वेगळीच होती. आपण कामरूपचे, कामाख्येचे उपासक. तेव्हा 'देवाच्या नावाने' म्हणून देवीला का वगळता, असा त्यांचा सवाल होता. सभागृहात त्यावर हशा पिकला असेल-नसेल, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. एकदा नाव घ्यायचे ठरले की कोणते नाव, हा प्रश्न मागोमाग येतोच. पंडित मदनमोहन मालवीयांचे चिरंजीव गोविंद मालवीय ह्यांनी त्यावर तोड म्हणून एक लांबलचक मजकूर आणला होता. त्यात परमेश्वर, जगाचा स्वामी, निरनिराळ्या लोकांकडून निरनिराळ्या नावांनी संबोधला जाणारा, सर्व अधिकाराचे मूळ, असे एकापुढे एक शब्द होते. कुणी रुसू नये म्हणून नाव जितके रुंद करावे तितके ते केले होते. शिब्बनलाल सक्सेनांच्या सूचनेत देवाच्या जोडीला महात्माजींचेही नाव होते. त्यावर, ही घटना गांधीजींच्या विचारांची नाही, तिच्यात त्यांचे नाव ओढू नका, असे ब्रजेश्वर प्रसादांनी बजावले; उद्या बदलता येईल अशा कागदावर राष्ट्रपित्याचे नाव घालू नका, असे आचार्य कृपलानींनी विनवले. सक्सेनांनी सूचना मागे घेतली.

पंडित हृदयनाथ कुंझरू ह्यांचे बोलणे आम्हांला सर्वांत अधिक भिडले. आपल्या अंतःकरणाच्या अगदी आतल्या, पवित्र भावनांचा विषय असा वादाच्या आखाड्यात आणला गेला, ह्याचेच त्यांना दुःख होते. आपल्या श्रद्धा दुसऱ्यांवर लादणे हे ह्या सरनाम्याच्या उदार आशयाशी विसंगत आहे, असे त्यांनी सांगितले. अलाहाबादच्या पूर्णिमा बॅनर्जी ह्यांनी तर कामतांना कळकळीने विनंती केली की देवावर मत देण्याच्या संकटात आम्हांला टाकू नका.

कामत हटले नाहीत. त्यांनी मते मोजण्याची मागणी केली. हात वर झाले. दुरुस्तीच्या बाजूने ४१, विरुद्ध ६८. जवळजवळ तीनशे सभासदांच्या त्या सभेत त्या वेळी मोजले गेलेले हात अवघे १०९. आपल्या इतिहासातील हा काळा दिवस आहे, देव भारताचे रक्षण करो, असे उद्गार कामतांनी काढले आणि सभा पुढच्या कामाकडे वळली.

आम्ही हा वृत्तान्त प्रथम वाचला तो तरुणपणी. तेव्हा आमचे मन पूर्णपणे कामतांच्या बाजूचे होते, हे येथे नमूद केले पाहिजे. आमचा हात नक्कीच त्या ४१ हातांत असता. त्याला कारणही तसेच होते. सर्व अधिकार देवाकडून येतो, हे आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो होतो. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा तेरावा अध्याय आमच्या शिक्षकांनी तसाच समजावला होता. आयर्लंडसारख्या कॅथलिक देशाची १९३७ ची घटना परमपवित्र त्रैक्याच्या नावाने सुरू होते आणि सर्व अधिकार त्याच्यापासून येतो असे सांगते. गोविंद मालवीयांचे 'सर्व अधिकाराचे मूळ' हे शब्द त्याहून कितीसे दूर आहेत? त्याउलट आपला सरनामा 'आम्ही लोक' असे म्हणतो आणि ती घटना शेवटी स्वतःलाच अर्पण करतो. माणसाने देवाच्या जागी स्वतःला बसवल्याचाच हा प्रकार, असे आम्हांस तेव्हा वाटले. एका वृद्ध धर्मगुरूंजवळ आम्ही ती तक्रार बोलूनही दाखवली. ते काही बोलले नाहीत. फक्त, दुसरी आज्ञा कोणती, एवढेच त्यांनी विचारले. देवाचे नाव व्यर्थ घेऊ नये, ती दुसरी आज्ञा. आम्ही पाठ म्हणून दाखवली आणि विषय तिथेच राहिला. त्यांच्या विचारण्याचा अर्थ कळायला आम्हांला बरीच वर्षे लागली.

आज आम्हांला वाटते की त्या ६८ जणांनी, आपण काय करीत आहोत ह्याची पुरती कल्पना असो वा नसो, ती आज्ञाच पाळली. चौधरींचा देवीचा प्रश्न त्यातील मर्म उघड करतो. प्रार्थनेत 'देव' म्हणताना आपल्यापुढे एक मुखवटा असत नाही, एक ओळख असते. बाप्तिस्म्यापासून जोडलेली, दुःखात तपासून पाहिलेली. राज्य जेव्हा 'देव' म्हणते तेव्हा ती ओळख कुणाची? मोठ्या समाजाची, हे उघड आहे. लहान समाजाने तोच शब्द आपापल्या अर्थाने ऐकून समाधान मानायचे. आणि मालवीयांप्रमाणे तो शब्द सर्वांना पुरेल इतका रुंद करत गेले, तर अखेरीस तो इतका पातळ होतो की त्या देवापुढे गुडघे टेकावेत असे कुणालाच वाटत नाही.

सरनाम्यातून देवाचे नाव वगळले गेले म्हणून घटना समितीत धर्माला थारा नव्हता असे मात्र नाही. धर्म तिथे होता, पण कधी कधी वेष पालटून. २४ नोव्हेंबर १९४८ रोजी गोरक्षणाचे कलम आले. ते मांडले गेले शेती, पशुपालन आणि दुभत्या जनावरांच्या भाषेत. आसामचे माजी पंतप्रधान आणि मसुदा समितीचे सभासद सय्यद मुहम्मद सादुल्ला ह्यांनी त्यावर फार सरळ बोलणे केले. बहुसंख्य समाजाला गाय पूज्य आहे, म्हणून हे कलम हवे असेल तर तसे स्पष्ट सांगा, ती भावना आम्ही समजू शकतो. पण अर्थशास्त्राच्या मागल्या दाराने धर्म आत आणू नका, अशा आशयाचे ते बोलणे होते. संयुक्त प्रांताचे झेड. एच. लारी ह्यांचाही सूर तसाच होता. इथे पाहण्याजोगे हे की कामतांच्या दुरुस्तीत देवाचे नाव उघड होते, म्हणून त्यावर उघड वाद झाला आणि उघड मत पडले. जिथे परंपरेने हिशेबाची वही हाती घेतली, तिथे वाद कशावर घालायचा हेच अल्पसंख्याकांना उमजेना. परंपरेचा आदर मागणाऱ्या भाषेपेक्षा तो आदर लपवणारी भाषा अधिक कठीण, हा धडा आम्हांला त्या वादातून मिळतो.

आमच्या समाजाचा घटना समितीशी आलेला संबंधही ह्याच संदर्भात सांगायला हवा. समितीचे उपाध्यक्ष डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी हे बंगाली ख्रिस्ती होते. अल्पसंख्याकांच्या उपसमितीचे अध्यक्षपदही त्यांच्याचकडे होते. १९४७ च्या एप्रिलात ह्या उपसमितीत मद्रासचे कॅथलिक विद्वान रत्नस्वामी ह्यांच्या आग्रहावरून धर्मस्वातंत्र्याच्या कलमात 'प्रचार' हा शब्द आला. पुरुषोत्तमदास टंडनांनी लगोलग सांगून टाकले की बहुतेक काँग्रेसजनांना धर्मांतर पसंत नाही, पण ख्रिस्ती मित्रांना बरोबर घ्यायचे म्हणून आम्ही हे मान्य केले आहे. हे बोलणे कानाला कडू लागते; तरी त्यात एक प्रामाणिकपणा आहे, जो गोड बोलण्यात नसतो. ६ डिसेंबर १९४८ रोजी ते कलम सभागृहापुढे आले तेव्हा ओरिसाच्या लोकनाथ मिश्रांनी 'प्रचार' शब्द काढून टाकण्याची मागणी केली. शब्दाच्या बाजूने उभे राहिले ते कन्हैयालाल मुन्शी, लक्ष्मीकांत मैत्र आणि टी. टी. कृष्णम्माचारी. मी चौदा वर्षे ख्रिस्ती शाळा-महाविद्यालयांत शिकलो, पण माझा धर्म बदलण्याचा प्रयत्न कुणी केला नाही, अशी साक्ष कृष्णम्माचारींनी दिली. कोणत्याही भाषणापेक्षा ती चौदा वर्षे त्या दिवशी आमच्या उपयोगी पडली. ज्या अज्ञात शिक्षकांनी आणि धर्मगुरूंनी त्या मुलाला केवळ नीट शिकवले, त्यांना आपण घटना लिहीत आहोत ह्याची कल्पनाही नव्हती.

ह्या विश्वासाची परतफेडही झाली. राखीव जागा सोडून द्याव्यात, हा ठराव ११ मे १९४९ रोजी सल्लागार समितीत मुखर्जींनीच मांडला आणि त्याच महिन्यात सभागृहात त्याला पाठिंबा देणाऱ्यांत मद्रासच्या लोयोला महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले येशूसंघीय धर्मगुरू जेरोम डिसोझा होते. विधिमंडळात आमच्या नावाच्या खुर्च्या नकोत, शाळा चालवण्याचे आणि श्रद्धा जगण्याचे स्वातंत्र्य पुरे, असा तो सौदा होता. तो शहाणपणाचा ठरला की भाबडेपणाचा, ह्यावर आमच्या समाजात अजून वाद होतो, आणि तो व्हावाही. 'प्रचार' म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात दिला, तेव्हा अनेकांना तो सौदा अर्धवट फसल्यासारखा वाटला. पण फादर डिसोझा व मुखर्जी ह्यांनी सभागृहात धर्माच्या नावाने गळा काढला नाही, ही गोष्ट आम्हांस आजही अभिमानाची वाटते.

तसा गळा आम्ही कॅथलिकांनी कधीच काढला नाही काय? काढला आहे, आणि ते सांगितल्यावाचून हा लेख पुरा करणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९५७ साली केरळात नंबूद्रीपादांचे साम्यवादी मंत्रिमंडळ आले. शिक्षणमंत्री जोसेफ मुंडश्शेरी हे स्वतः कॅथलिक होते. त्यांच्या शिक्षण विधेयकाने खासगी शाळांतील शिक्षकांच्या नेमणुकांवर सरकारचे नियंत्रण येणार होते. चर्चच्या शाळांची भीती अगदीच निराधार नव्हती, तशीच शिक्षकांची व्यवस्थापनाविरुद्धची गाऱ्हाणीही निराधार नव्हती. पण वाद नेमणुकांचा आहे, पगाराचा आहे, जमीन सुधारणांचा आहे, असे व्यासपीठांवरून कितीसे बोलले गेले? श्रद्धा धोक्यात आहे, देव धोक्यात आहे, असेच अधिक बोलले गेले. १९५९ च्या उन्हाळ्यात 'विमोचन समर' पेटले, अंगमालीत पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली आणि ३१ जुलै रोजी केंद्राने ते मंत्रिमंडळ बरखास्त केले. त्यानंतर १९६० साली मुख्यमंत्री कोण झाले? तेच पट्टम थाणू पिळ्ळै, ज्यांनी दिल्लीत श्रद्धेच्या सक्तीविरुद्ध आवाज उठवला होता. त्यांचा पक्ष ह्या लढ्यात सामील होता. आम्ही त्यांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. साम्यवादाविषयी त्यांचे मत राजकीय होते आणि त्यांना तो अधिकार होता. पण दहा वर्षांत एकच माणूस ह्या प्रश्नाच्या दोन्ही काठांवर उभा राहू शकतो, आणि दोन्हीकडे प्रामाणिक असू शकतो, एवढे ध्यानात ठेवावे.

ख्रिस्तसभेची स्वतःची वाटचालही सरळ रेषेत झालेली नाही. ७ डिसेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने धर्मस्वातंत्र्यावरील जाहीरनामा २३०८ विरुद्ध ७० अशा मतांनी स्वीकारला. श्रद्धा ही सक्तीने येत नाही, तिच्या बाबतीत राज्याने कोणावरही दडपण आणू नये, हे त्याचे सार. थाणू पिळ्ळै दिल्लीत जे म्हणाले त्याला तेव्हा सोळा वर्षे उलटून गेली होती. उलट पक्षी, युरोपच्या नव्या घटनेच्या सरनाम्यात त्या खंडाच्या ख्रिस्ती वारशाचा उल्लेख असावा, असा आग्रह परमगुरुस्वामी दुसरे जॉन पॉल ह्यांनी धरला होता; २००४ साली सह्या झालेल्या मसुद्यात तो आला नाही आणि त्यांना त्याचे दुःख झाले. पुढे तो मसुदाच फ्रान्स आणि नेदरलंडच्या मतदारांनी फेटाळला. परमगुरुस्वामींच्या दुःखाविषयी आम्हांला आदर आहे. पण ज्या खंडात ख्रिस्ती माणूस बहुसंख्य आहे तिथे बसून ह्या प्रश्नाकडे पाहणे आणि वसई-माझगावात बसून पाहणे, ह्यांत अंतर पडणारच. आपल्याला दिल्लीत नको असलेली गोष्ट ब्रसेल्समध्ये हवी असे म्हणता येईल का, हा प्रश्न आम्हांला अनेक दिवस छळत राहिला आहे. त्याचे समाधानकारक उत्तर आम्हांला अजून सापडलेले नाही.

गेल्या वर्षी दृढीकरणाच्या तयारीला बसलेल्या मुलांना आम्ही ही १७ ऑक्टोबरची हकीकत सांगितली आणि, थोडे खोडसाळपणेच, त्यांनाही हात वर करायला लावले. बहुतेक हात कामतांच्या बाजूने गेले, जसा तरुणपणी आमचा गेला असता. तीन-चार मुले विरुद्ध होती. एका मुलीने कोणताच हात वर केला नाही. का, असे विचारता ती म्हणाली की ज्यांचे हात कमी पडतील त्यांना कसे वाटेल, ह्याचा विचार करते आहे. पूर्णिमा बॅनर्जींचे नाव त्या मुलीने तोवर ऐकले नव्हते. विरोधी मुलांपैकी एकाने मात्र विचारले की मग पुढारी लोक शपथ घेताना देवाचे नाव घेतात ते कसे?

त्या मुलाचा प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर कामतांच्याच पदरात जाते. सरनाम्यावरील मतदानाच्या दहा महिने आधी, डिसेंबर १९४८ च्या अखेरीस, राष्ट्रपतींच्या शपथेचे कलम सभागृहात आले होते. शपथेत देवाचे नाव असावे, ह्यासाठी तेव्हाही कामत आणि महावीर त्यागी ह्यांनी आग्रह धरला, आणि तिथे तो फळाला आला, पण पर्यायासह. म्हणून आज राष्ट्रपतींपासून आमदारांपर्यंत प्रत्येकापुढे शपथेच्या कागदावर दोन शब्दप्रयोग असतात : 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो' किंवा 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो'. जो तो आपल्या विवेकाला स्मरून एक वाचतो. तिथे राज्य बोलत नाही, माणूस बोलतो. तो कोणत्या ईश्वराला साक्षी ठेवतो हे त्याला कुणी विचारत नाही, आणि ते नाव घेऊन त्याने पुढे काय केले, ह्याचा हिशेब पाच वर्षांनी त्याच्याच मतदारांनी मागायचा असतो. आमच्या सभागृहात आलेल्या त्या उमेदवारांना आम्ही पाण्याच्या योजनेविषयी विचारायला हवे होते.